हंसाच्या नावाची गावं, तारे, राग आणि विमानं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात आमचा पक्षी पाहणाऱ्यांचा एक छोटा गट आहे. थंडीत उजनी धरण आणि हिप्परगा तलाव, पावसाळा ओसरला की रात्री आकाशदर्शन, असा वर्षाचा क्रम. हंसाबद्दलचे प्रश्न मात्र बारा महिने येतात. कुणाला मुलीचं नाव ठेवायचं असतं, कुणाला शाळेच्या प्रकल्पासाठी माहिती हवी असते, तर कुणी उजनीवरचा फोटो पाठवून "हा हंस का ओ?" विचारतं. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक नावापाशी मी एकच गोष्ट तपासते: या नावामागे उभा असलेला पक्षी नेमका कोणता?

१. हंस आणि इंग्रजीतला 'स्वान' एकच का?

नेहमीच नाही. आपण शाळेत 'स्वान म्हणजे हंस' असं पाठ केलं, म्हणून डोळ्यांसमोर लांब मानेचा पांढराशुभ्र पक्षी येतो. पण शब्दाचं मूळ वेगळीच गोष्ट सांगतं. संस्कृत 'हंस', लॅटिन 'आन्सेर', जर्मन 'गान्स' आणि इंग्रजी 'गूस' हे चारही शब्द एकाच जुन्या मुळातून आले आहेत. म्हणजे भाषेच्या नात्याने आपला हंस 'गूस'चा सख्खा भाऊ आहे. 'स्वान'च्या प्रजातीचं शास्त्रीय नाव 'सिग्नस' असून ते नाव ग्रीकमधून आलं आहे.

भाषांतर करताना कुणी हंसाला स्वान म्हटलं, कुणी गूस, आणि तिथून गोंधळ वाढत गेला. या पानावर परदेशी नावांतल्या पक्ष्याला मी गरजेप्रमाणे 'स्वान' म्हटलं आहे, म्हणजे फरक दिसत राहील.

२. सोलापूर जिल्ह्यात हंस दिसतो का?

स्वान दिसत नाही. मूक हंस, म्हणजे नारिंगी चोचीचा पांढरा स्वान, क्वचित एखाद्या हिवाळ्यात भारतीय उपखंडाच्या वायव्य भागात भरकटत येतो. महाराष्ट्रातल्या पाणथळींवर तो येत नाही.

पण शब्दाच्या मूळ अर्थाने पाहिलं, तर हंस दरवर्षी आपल्या दारात येतो. त्याचं नाव पट्टकादंब, आणि बरेच जण त्याला राजहंसही म्हणतात. राखाडी अंग, पांढरं डोकं आणि डोक्याच्या मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे. हे पट्टे दिसले की ओळख पक्की. त्याचं शास्त्रीय नाव 'आन्सेर इंडिकस', आणि वरचं मूळ लक्षात ठेवून वाचलं तर त्याचा अर्थ थेट 'भारतीय हंस' असा होतो.

हे पक्षी तिबेट, मंगोलिया आणि लडाखच्या सरोवरांकाठी वीण करतात आणि हिमालय ओलांडून खाली येतात. उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बांधून केलेल्या अभ्यासात त्यांची ७,२९० मीटरपर्यंतची उंची नोंदली गेली आहे. कालिदासाने 'मेघदूता'त हिमालयातल्या क्रौंच खिंडीला 'हंसद्वार' म्हटलं आहे, म्हणजे मानस सरोवराकडे जाणाऱ्या हंसांची वाट. हे नाव मला फार मोलाचं वाटतं. पक्ष्यांच्या स्थलांतराची वाट तेव्हा लोकांना ठाऊक होती आणि तिला पक्ष्याचंच नाव मिळालं होतं.

उजनीच्या फुगवट्याकाठच्या एका शेतकरी काकांनी मला सांगितलं होतं, "ही बदकं रात्री हरभऱ्यात उतरतात." मी त्यांना दुर्बिणीतून डोक्यावरचे पट्टे दाखवले आणि हेच हंस असं सांगितलं. ते बराच वेळ दुर्बीण सोडेनात. पक्षी बघायला कधी जावं, ते प्रश्न १६ मध्ये आहे.

३. मग पोथ्यांतला राजहंस कोणता?

अमरकोशात राजहंसाची खूण दिली आहे: अंग पांढरं, चोच आणि पाय तांबडे. आता पडताळून पाहू. मूक हंसाची चोच नारिंगी असते, पण पाय काळे. पट्टकादंबाची चोच आणि पाय पिवळे-नारिंगी, पण अंग राखाडी. दोघेही पूर्ण बसत नाहीत. ही खूण ज्याला सगळ्यात जवळून लागू पडते, तो पक्षी उजनीवरच उभा असतो: रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो. हिंदीत त्याला राजहंस म्हणतातही. त्यामुळे माझं मत असं, की 'राजहंस' हे एकाच जातीचं पक्कं नाव कधीच नव्हतं. जो देखणा पाणपक्षी ज्या मुलखात दिसला, त्याला तिथल्या लोकांनी हा मान दिला.

मराठी पक्षिनामांचा असा पसारा मार्गी लावण्याचं मोठं काम मारुती चितमपल्ली यांनी केलं. त्यांचा जन्म १९३२ साली सोलापुरातच झाला, त्यांनी पक्ष्यांचा कोश सिद्ध केला, आणि २००६ साली सोलापुरात भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ च्या जून महिन्यात सोलापुरातच त्यांचं निधन झालं.

४. शेतघरांवर पाळलेले पांढरे 'राजहंस' कोणते?

ते पाळीव कलहंस, म्हणजे पाळीव 'गूस'. चोचीच्या मुळाशी टेंगूळ असेल, तर त्याचा पूर्वज पूर्व आशियातला 'स्वान गूस'. त्याच्या शास्त्रीय नावात 'सिग्नॉइडेस' म्हणजे 'स्वानसारखा' असा शब्द आहे, कारण मान लांब. थोडक्यात, हा स्वानच्या नावाचा गूस. अनोळखी माणूस दिसला की हे पक्षी मोठमोठ्याने ओरडतात, म्हणून राखणीला ठेवतात.

५. हंस दूध आणि पाणी वेगळं करतो हे खरं का? 'परमहंस' त्यावरूनच आलं का?

कोणताही पक्षी दुधातून पाणी वेगळं करू शकत नाही. नीरक्षीरविवेक ही सार-असार निवडण्याची प्रतिमा आहे आणि ती तशीच घ्यावी.

'परमहंस' या नावात ती आहेच, पण आणखी एक धागाही आहे. श्वास आत-बाहेर होताना 'हं' आणि 'स' हे ध्वनी होतात असं योगपरंपरा मानते. ते उलटे जोडले की 'सोऽहं'. म्हणून हंस हे जिवाचं नाव, आणि ज्याला आत्मज्ञान झालं तो परमहंस. रामकृष्ण परमहंसांचं नाव सर्वांना माहीत असतं. महाराष्ट्रात मात्र या नावाची आणखी एक आठवण आहे: दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सोबत्यांनी १८४९ साली मुंबईत काढलेली परमहंस सभा. जातिभेद मोडण्यासाठी निघालेली ही सभा गुप्तपणे चालत असे. पक्ष्याचं नाव सुधारणेच्या चळवळीला मिळाल्याचं हे उदाहरण मुलांना जरूर सांगावं.

६. आकाशातला हंस सोलापुरातून कधी आणि कुठे दिसतो?

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, रात्री नवाच्या सुमारास, उत्तरेकडे तोंड करून उभं राहा. क्षितिजापासून साधारण ६२ अंश उंचीवर एक ठळक पांढरा तारा दिसेल. तो डेनेब. अरबीत या शब्दाचा अर्थ शेपूट, आणि ती हंसाचीच. तिथून मान वर करत डोक्यावर, किंचित पश्चिमेला या. तिथला मध्यम तेजाचा तारा अल्बिरिओ, म्हणजे हंसाची चोच. मधल्या ताऱ्यांच्या दोन बाजूंना पंख पसरलेले आहेत. अंधाऱ्या जागेवरून पाहिलं तर हा हंस आकाशगंगेवरून दक्षिणेकडे उडत निघालेला दिसतो. शहराच्या दिव्यांत आकाशगंगा हरवते, म्हणून आम्ही नान्नजच्या बाजूला जातो.

डेनेब, अभिजित आणि श्रवण मिळून मोठा त्रिकोण होतो. नवख्याने आधी तो ओळखावा, मग हंस आपोआप सापडतो.

लहानशा दुर्बिणीतून अल्बिरिओ पाहिला की त्याचे दोन तारे होतात, एक सोनेरी आणि एक निळा. आमच्या कार्यक्रमात सगळ्यात मोठी रांग याच ताऱ्यासाठी लागते.

या तारकासमूहाने विज्ञानालाही बरंच दिलं आहे. यातला ६१ सिग्नी हा अंधूक तारा. जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी १८३८ साली त्याचं अंतर मोजलं. पराशय, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्यामुळे ताऱ्याच्या जागेत दिसणारा अगदी सूक्ष्म फरक, मोजून ताऱ्याचं विश्वासार्ह अंतर काढण्याची ती सुरुवात मानली जाते. हे अंतर सुमारे ११.४ प्रकाशवर्षं आहे. शिवाय 'सिग्नस एक्स-१' हा क्ष-किरणांचा स्रोत १९६४ साली सापडला आणि बहुतेक शास्त्रज्ञांनी कृष्णविवर म्हणून मान्य केलेला तो पहिला पिंड ठरला. तिथे कृष्णविवर नाही, अशी पैज स्टीफन हॉकिंग यांनी किप थॉर्न यांच्याशी १९७४ मध्ये लावली होती. १९९० मध्ये त्यांनी हार मान्य केली.

७. 'हंस तेजोमेघ' हंस तारकासमूहातच असणार ना?

नाही, आणि इथे बरेच जण चुकतात. स्वान नेब्युला किंवा मेसिए १७ हा तेजोमेघ धनू राशीत आहे. त्याचा उजळ भाग पाण्यावर तरंगणाऱ्या स्वानसारखा दिसतो, म्हणून हे नाव.

८. हंस नावाची विमानं आणि यानं कोणती?

बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजने बनवलेलं 'हंसा' हे दोन आसनी प्रशिक्षण विमान १९९३ मध्ये प्रथम उडालं. गोव्यातला नौदलाचा हवाई तळ म्हणजे 'आयएनएस हंसा'. दाबोळीला उतरलेले प्रवासी त्याच तळाच्या धावपट्टीवर उतरतात. एअर इंडियाच्या २००७ ते २०२३ या काळातल्या बोधचिन्हात उडता हंस होता आणि त्याच्या अंगावर कोणार्कचं चक्र.

अवकाशात 'सिग्नस' नावाचं अमेरिकी मालवाहू यान आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाला सामान पोचवतं. प्रत्येक फेरीच्या यानाला एखाद्या दिवंगत व्यक्तीचं नाव देतात. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये गेलेल्या यानाचं नाव होतं 'कल्पना चावला'. हंसाच्या पाठीवर आपल्या मुलीचं नाव कोरून गेलेली ती फेरी.

९. हंसध्वनी रागाचा हंसाच्या आवाजाशी काही संबंध आहे का?

आवाजाशी थेट संबंध नाही. पट्टकादंबांचा थवा वरून जाताना 'आँग आँग' असा घोगरा गजर करतो. तो मला प्रिय आहे, पण त्यात राग नाही.

हंसध्वनी मूळचा कर्नाटक संगीतातला, आणि त्याची रचना रामस्वामी दीक्षितर यांची मानतात. त्यांचे चिरंजीव मुथुस्वामी दीक्षितर यांची गणपतीवरची कृती याच रागात आहे. सोलापुरातल्या कन्नड आणि तेलुगू घरांत ती अनेकांना पाठ असते. सा, रे, ग, प, नी एवढेच स्वर; मध्यम आणि धैवत वर्ज्य. हिंदुस्तानी संगीतात तो रुजवण्याचं श्रेय भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ यांना देतात. हंसानंदी, हंसनादम आणि हंसकिंकिणी या नावांचेही राग आहेत.

१०. जगात हंसाच्या नावाची ठिकाणं कोणती?

यादी लांबलचक आहे. मला आवडणारी तीनच सांगते.

पहिली, ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरातून वाहणारी स्वान नदी. डच दर्यावर्दी विलेम द व्लामिंग १६९७ साली तिथे पोचला, तेव्हा नदीत काळे स्वान होते. युरोपात तोवर 'काळा स्वान' म्हणजे 'असंभव' असं म्हणायची पद्धत होती, रोमन कवी जुवेनालच्या काळापासून. नदीला नाव पडलं 'काळ्या स्वानांची नदी', पुढे त्यातला 'काळ्या' गळला. तिथल्या मूळच्या नूंगार लोकांचं नदीसाठीचं नाव 'डर्बार्ल येरिगन'. काळा स्वान आज पश्चिम ऑस्ट्रेलियाचा राज्यपक्षी आहे.

दुसरं ठिकाण जर्मनीतलं नॉयश्वानश्टाइन. नावाचे तुकडे पाडले तर 'नवा-स्वान-दगड'. बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याने १८६९ मध्ये हा किल्ला बांधायला घेतला. १८८६ साली तो वारला तेव्हा काम अपुरंच होतं. पायथ्याचा भाग 'श्वानगाउ', म्हणजे स्वानचा मुलूख. मराठी कानांना हे नाव चमत्कारिक लागतं, पण त्याचा कुत्र्याशी काही संबंध नाही.

तिसरं आपल्याला सगळ्यात जवळचं: म्यानमारमधलं बागो. त्याचं जुनं नाव हंसावती, बर्मी उच्चारात 'हंथावडी'. समुद्रातून जमिनीचा एवढासा ठिपका वर आला होता, त्यावर एकाच हंसाला जागा होती, म्हणून मादी नराच्या पाठीवर बसली, अशी तिथली कथा आहे. मोन लोकांच्या झेंड्यावर आजही सोनेरी हंस आहे. थायलंडच्या राजाची मुख्य नौका 'सुफन्नहोंग', म्हणजे सुवर्णहंस. सुमारे ४६ मीटर लांबीची ही नौका १९११ मध्ये पाण्यात उतरली. आपला शब्द समुद्र ओलांडून गेला आणि तिथे राजाचा झाला.

११. शेअर बाजारवाले 'ब्लॅक स्वान' म्हणतात, ते काय?

कुणाच्याही हिशेबात नसलेली आणि घडल्यावर सगळंच उलटंपालटं करणारी घटना. मूळ प्रश्न १० मधल्या नदीकाठचं आहे: हजार पांढरे स्वान पाहिले तरी 'सगळे स्वान पांढरेच' हे सिद्ध होत नाही, एक काळा दिसला की ते विधान पडतं.

१२. 'हंसगीत' म्हणजे शेवटची कलाकृती असं का?

मरण्याआधी स्वान गोड गातो ही ग्रीकांची समजूत. प्लेटोने ती सॉक्रेटिसच्या तोंडी घातली आहे. आपल्या परंपरेतला हंस दूत होतो, नळाचा निरोप दमयंतीकडे नेतो. मरणगीत गात नाही. शब्द मात्र मराठीत आता पक्का रुजला आहे आणि तो वापरण्यात काही चूक नाही.

१३. हंसाची वाटणारी, पण हंसाची नसलेली नावं कोणती?

हा माझा आवडता प्रश्न. वेल्समधलं स्वान्सी शहर स्वानचं नाही. ते नाव जुन्या नॉर्स भाषेतलं, 'स्वेन नावाच्या माणसाचं बेट'. स्थानिक वेल्श नाव अबरटावे, म्हणजे टावे नदीचं मुख.

'हान्स' हे जर्मन माणसाचं नाव योहानेसचं छोटं रूप आहे. त्यामुळे नळांच्या दुकानात दिसणारं 'हान्सग्रोहे' हे नाव हंसावरून नाही, हान्स ग्रोहे या संस्थापकावरून आलं. गंमत अशी, की त्याच दुकानात स्वयंपाकघरासाठी जो उंच वळणदार नळ मागतात, तो 'स्वान नेक', आणि त्यात पक्षी खरोखर आहे. प्रयोगशाळेतलं पाश्चरचं हंसग्रीव पात्रही तसंच, वाकड्या मानेवरून नाव पडलेलं.

'लुफ्थान्सा'तला 'हान्सा' म्हणजे व्यापाऱ्यांचा संघ. त्या विमानांच्या शेपटीवरचा पक्षी क्रौंच आहे. फोटो पाठवून 'हंस' म्हणणाऱ्यांनी मान आणि पाय नीट पाहावेत.

१४. बालगंधर्वांचं आडनाव राजहंस होतं का? वनस्पतींतही हंस आहे का?

होय. नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८. एका पक्ष्याच्या आडनावाचा माणूस गंधर्वाच्या नावाने ओळखला गेला. विजेच्या दिव्यावर काम करणारे जोसेफ स्वान यांचंही तसंच, स्वान हे त्यांचं आडनाव. त्यांच्या दिव्याला पक्ष्याशी जोडू नये.

विहिरीच्या ओलसर भिंतींवर वाढणारं, काळ्या चकचकीत देठाचं नाजूक नेचं म्हणजे हंसराज. आयुर्वेदात त्याला हंसपदी म्हणतात. लिहिताना राहिलेला शब्द घालायची खूण हिंदीत 'हंसपद' आणि मराठीत 'काकपद'. एकाच खुणेत हिंदीला हंसाचा पाय दिसला आणि मराठीला कावळ्याचा.

१५. मुलीचं नाव 'हंसा' ठेवायचंय. घरात मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही चालतात. उच्चार कोणता बरोबर?

तिन्ही बरोबर. मराठीत अनुस्वार नाकातल्या 'व'सारखा होतो, 'हंव्सा'; कन्नड-तेलुगूत स्पष्ट 'हम्सा'. शाळेच्या दाखल्यावर एकच लिपीरूप ठरवा आणि आधार कार्डावरही तेच ठेवा, पुढचे हेलपाटे वाचतात.

विणकरांच्या घरातलं नाव असेल तर आणखी एक सांगते. 'कुमारसंभवा'त पार्वतीच्या लग्नाच्या रेशमी वस्त्रावर कलहंसांची नक्षी असल्याचं वर्णन आहे. मागावरचा हंस इतका जुना आहे. होयसळ मंदिरांच्या जोत्यावरही हंसांची रांग कोरलेली असते. कर्नाटकात देवदर्शनाला गेलात तर हत्ती आणि मकरांबरोबर तीही शोधा. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात हंसजातक, म्हणजे बुद्धाच्या हंसरूपातल्या पूर्वजन्माची कथा, रंगवलेलं आहे.

१६. उजनीवर हंस पाहायला कधी जावं?

डिसेंबर ते फेब्रुवारी. जानेवारीत सोलापूरची गड्ड्याची यात्रा भरते, ते दिवस ऐन भरातले. पट्टकादंब रात्री आणि पहाटे शेतांत चरतात, उन्हं वर आली की पाण्याकाठी उघड्या चिखलावर थव्याने विसावतात. म्हणून सकाळी सात ते दहा उत्तम. करमाळा तालुक्यातल्या फुगवट्याचे उथळ काठ चांगले. तेवढा वेळ नसेल तर तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परगा तलाव बघा.

कपडे मातकट रंगाचे घाला आणि थव्यापासून लांब थांबा. पक्षी माना ताठ करून एकाच दिशेला बघू लागले, की तुम्ही जास्त जवळ गेलात असं समजा आणि दोन पावलं मागे या. ड्रोन उडवू नका. शेतातून जायचं असेल तर आधी मालकाला विचारा. फोटो पाठवताना डोक्याची मागची बाजू दिसेल असा पाठवा, पट्टे मोजून लगेच उत्तर देते.